मार्चचे पाहुणे, बारमाही आजी

पत्राचा सारांश (नाव आणि ओळखीच्या खुणा गाळून):

ताई साताऱ्याकडच्या. वय पंचेचाळिशीच्या आसपास. गेली सतरा वर्षं ॲरिझोनात, चँडलरला राहतात. यजमान चिप बनवणाऱ्या कंपनीत आहेत. २०१२ साली घरांचे भाव पडलेले होते, तेव्हा दोघांनी शेजारच्या मेसा शहरात दोन बेडरूमचं एक जुनं घर घेतलं. तिथे अकरा वर्षं एकच भाडेकरू आहेत. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, स्कूल बस चालवून निवृत्त झालेल्या बाई. भाडं १,४५० डॉलर, आजूबाजूला १,९०० चालू आहे. अंगणात ग्रेपफ्रूटचं झाड आहे. त्याची पिशवीभर फळं बाई दर जानेवारीला पाठवतात, म्हणून मुलं त्यांना 'ग्रेपफ्रूट आजी' म्हणतात. घरापासून स्लोन पार्क हे बेसबॉलचं मैदान गाडीने पाच मिनिटांवर. फेब्रुवारीअखेर ते मार्च तिथे शिकागो कब्ज या संघाचे सराव सामने असतात. यजमानांच्या मित्राने गेल्या मार्चमध्ये आपलं घर पाहुण्यांना एकेका रात्रीच्या भाड्याने दिलं आणि, त्याच्या सांगण्यानुसार, चार आठवड्यांत ८,४०० डॉलर कमावले. यजमानांचं म्हणणं असं, की बाईंचं लीज जानेवारीअखेर संपतंय, ते वाढवायचं नाही आणि घर सजवून पाहुण्यांना द्यायचं. मुलगा ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणार, पैसा लागणारच. ताईंना यात कायद्याने काही चूक दिसत नाही, पण झोपही लागत नाही. आजी मार्चमध्ये त्याच मैदानात लोकांना जागा दाखवायचं हंगामी काम करतात. "हे म्हणतात, मी भावनेत वाहवत जाते. खरंच तसं आहे का? आणि आजींना सांगायचं कसं?"

ताई,

तुमच्या पत्रासोबत यजमानांनी केलेला हिशेबाचा तक्ता होता. तो मी आधी वाचला, पत्र नंतर. तक्ता देखणा आहे. रंग दिलेत, बेरजा आपोआप होतात. फक्त बारा रकान्यांपैकी एकच भरलाय, मार्चचा. तुमच्या घरातला वाद मला त्या अकरा कोऱ्या रकान्यांत दिसतो, म्हणून आधी ते भरू. झोपेचं मग बघू.

ज्या वाचकांना या सीझनची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमेरिकेत वरच्या दर्जाच्या बेसबॉलचे ३० संघ आहेत. खरा हंगाम मार्चच्या शेवटी सुरू होतो. त्याआधी, फेब्रुवारीच्या मध्यापासून, संघ उबदार प्रदेशात सरावाला उतरतात. १५ फ्लोरिडात, १५ ॲरिझोनात. आधी चेंडू टाकणारे पिचर आणि तो झेलणारे कॅचर येतात, मग बाकीचे, आणि महिनाअखेरीला आपसातले सामने सुरू होतात. या सामन्यांतल्या हारजितीला काही किंमत नसते, तरी माणसं लोटतात. शिकागोत बर्फ उपसून कंटाळलेला माणूस इथे अर्ध्या चड्डीत गवतावर बसतो आणि टीव्हीवर पाहिलेला खेळाडू हाकेच्या अंतरावर दिसतो, यातच त्याचे पैसे वसूल. फ्लोरिडातली मैदानं दोन्ही किनाऱ्यांवर विखुरलेली आहेत. ॲरिझोनातली दहाच्या दहा मैदानं एकट्या फिनिक्स महानगराच्या पोटात आहेत, सर्प्राइजपासून मेसापर्यंत. पाहुणा एकाच घरात मुक्काम ठोकून आठवड्यात चार-पाच मैदानं पालथी घालतो. त्याची सोय होते, आणि इथल्या घरांवर सगळा भार एकदम पडतो.

त्यात जानेवारीपासूनच मिनेसोटा आणि कॅनडाचे 'स्नोबर्ड', म्हणजे थंडी चुकवायला आलेले लोक, उतरलेले असतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला स्कॉट्सडेलची मोठी गोल्फ स्पर्धा असते. फेब्रुवारीत इथे घर शोधणं म्हणजे ऐन लग्नसराईत मंगल कार्यालय शोधणं. आणि आजींचं लीज नेमकं जानेवारीअखेर संपतंय.

आता तक्ता. २८ रात्री गुणिले ३०० डॉलर, ८,४००. आजींचं वर्षाचं भाडं १७,४००. म्हणजे एका महिन्यात जवळजवळ निम्मं वर्ष. कोणाचीही नजर तिथे थबकेल, त्यात तुमच्या यजमानांना दोष नाही. पण २८ च्या २८ रात्री ३०० डॉलरने जातील हे कोणी सांगितलं? स्लोन पार्कवर कब्जचे घरचे सामने साधारण पंधरा-सोळा होतात. शुक्रवार-शनिवार भरतात. मंगळवारी, समोर अगदीच कोणी नसलेला संघ असताना, घर रिकामं राहू शकतं. वीस रात्री धरा, ६,००० डॉलर. आज तुम्हाला काही न करता १७,४०० मिळतात. तेवढ्यालाच पोचायला उरलेल्या अकरा महिन्यांत आणखी ११,४०० कमवावे लागतील. आणि आज वीज, पाणी, इंटरनेट आजी भरतात. उद्या ते तुमच्याकडे येईल. गाद्या, सोफे, टीव्ही, चादरींचे तीन-तीन संच, भांडीकुंडी हा पहिल्या वर्षीचा खर्च वेगळा. बुकिंग करून देणाऱ्या ॲपचा वाटाही वेगळा.

एप्रिलचे पहिले दोन आठवडे बरे जातील. पुढे? २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सियसच्या वर होता. तुम्ही इथेच होतात, दाराची कडी फडक्याने धरून उघडत होतात. त्या दिवसांत मेसाला सुट्टी घालवायला कोण येतं? घर रिकामं असलं तरी एसी पूर्ण बंद करता येत नाही, लाकूड आणि रंग तडकतात. जून, जुलै, ऑगस्टच्या रकान्यात यजमानांना स्वतःच्या हाताने आकडे भरायला सांगा. तुम्ही भरू नका. त्यांनीच भरलेले आकडे त्यांना पटतील.

तक्त्यात आणखी एक रकाना नाहीच: काम. यजमान म्हणतात, "सगळं ॲपवर होतं, आपल्याला काही करायचं नाही." हे वाक्य मी या सदरात इतक्या वेळा वाचलंय, की ते वाचलं की मला वॉशिंग मशीनचा आवाज ऐकू येतो. सकाळी दहा-अकराला एक कुटुंब निघतं, दुपारी तीन-चारला दुसरं येतं. मधल्या चार तासांत चादरी, टॉवेल, बाथरूम, फ्रिजमधली अर्धी बिअर, सोफ्याच्या फटीतले शेंगदाण्यांचे टरफल. (बेसबॉल बघताना माणसं शेंगा खातात आणि सालं खाली टाकतात, मैदानात ते रीतीला धरून असतं, घरात नसतं.) रात्री साडेअकराला मेसेज येतो, वायफाय चालत नाही. हे कोण करणार? बाई लावली तर तिचे पैसे तक्त्यात मांडा. तुम्ही करणार असाल तर तुमचे तास मांडा, डॉलरमध्ये. घरचं माणूस फुकट धरायची आपल्याकडची जुनी खोड आहे. इतक्या मैलांवर येऊनही ती सुटत नाही.

कायद्याचं म्हणाल तर यजमान बरोबर आहेत. ॲरिझोनात भाडेनियंत्रण नाही, आणि शहरांनाही ते आणता येत नाही. मुदतीचं लीज संपल्यावर ते न वाढवायला कारण द्यावं लागत नाही. २०१६ साली राज्याने कायदा करून शहरांच्या हातून रात्रीच्या भाड्याच्या घरांवर बंदी घालण्याचा अधिकारच काढून घेतला. त्यानंतर काय झालं हे मी माझ्याच गल्लीत पाहिलं. कोपऱ्यावरचं घर कोणा परगावच्या मालकाने घेतलं. तेव्हापासून दर मार्चला दारात सहा गाड्या, गुरुवारीच भरून वाहणारे कचऱ्याचे डबे, आणि मध्यरात्रीपर्यंत गरम पाण्याच्या टबात गाणारे काका लोक. काका वाईट नव्हते. एकदा मला त्यांनी टोपीही दिली. पण त्या घरात आधी एक नर्स आणि तिच्या दोन मुली राहायच्या. धाकटी माझ्याकडे गणित विचारायला यायची. त्या कुठे गेल्या कोणाला माहीत नाही.

तक्रारी फार झाल्या, तेव्हा २०२२ मध्ये राज्याने शहरांना थोडे दात परत दिले. आता शहरं परवाना मागू शकतात, शेजाऱ्यांना कळवायला लावू शकतात, वारंवार नियम मोडले तर परवाना थांबवू शकतात. परवान्याची फी जास्तीत जास्त २५० डॉलर. मेसात परवाना लागतो. भाड्याचं घर काउंटीच्या असेसर (मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या) कार्यालयात नोंदवावं लागतं. रात्रीच्या भाड्यावर राज्याचा आणि शहराचा कर असतो, तो बहुधा ॲपच कापून भरतं. उलट ३० दिवस किंवा जास्त मुदतीच्या राहत्या भाड्यावरचा शहरांचा कर १ जानेवारी २०२५ पासून बंद झालाय. म्हणजे आजींसारखा भाडेकरू ठेवणं आता तेवढं सुटसुटीत झालंय. विमा कंपनीला फोन करून विचारा. लांब मुदतीच्या भाडेकरूसाठी काढलेली पॉलिसी रोज बदलणाऱ्या पाहुण्यांना लागू होईलच असं नाही. तुमच्या वस्तीला एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, असेल तर त्यांचे मूळ नियम काढून वाचा. शहराला बंदी घालता येत नाही, पण एचओएच्या नियमांत ३० दिवसांच्या आतलं भाडं आधीपासून मना असेल तर तिथेच विषय संपला. सगळ्यात आधी हेच वाचा, मग सोफा बघायला जा.

तुम्ही दोघं सिटिझन आहात म्हणून पुढचं तुम्हाला लागू नाही, पण इतर वाचक जोडप्यांसाठी लिहिते. एच-वन किंवा एच-फोर व्हिसावर असताना घर वर्षाच्या लीजने देणं आणि रोज पाहुण्यांची उठबस करत लॉज चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी 'काम' म्हणून धरली जाण्याचा धोका आहे. इमिग्रेशन वकिलाला तासाची फी देऊन विचारा, ऑफिसातल्या मित्राला विचारू नका.

यजमानांची दुसरी कल्पना होती की आजींनी मार्चपुरतं मुलीकडे जावं आणि तेवढ्यात घर द्यावं. ती सोडाच. मार्चमध्येच त्यांचं मैदानावर काम असतं. तिसरी कल्पना, की पाहुण्यांऐवजी सरावाला आलेल्या तरुण खेळाडूंना खोल्या द्याव्यात, ही मला आवडली, पण ती पाच वर्षं उशिरा सुचली. पूर्वी खालच्या फळीतल्या पोरांना, त्यात डोमिनिकन आणि व्हेनेझुएलाची कितीतरी, सरावाच्या काळात पगारच नसायचा. हंगामात राहायची सोयही ज्याची त्याने बघायची. एका फ्लॅटमध्ये सहा-सहा जण हवेच्या गाद्या टाकून झोपायचे. त्यांनी कोर्टात दावा लढवला, २०२२ मध्ये १८.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षीपासून क्लबांना या पोरांच्या राहण्याची सोय करावी लागते, एका खोलीत दोघांपेक्षा जास्त नाहीत अशा बेताने. आता क्लब ठोकमध्ये जागा घेतात. तुमच्या दोन बेडरूमना ते विचारणार नाहीत.

वसंतातल्या या सरावात कोणाला खोली मिळते आणि कोणाला नाही, हा प्रश्न फार जुना आहे. फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला हॉटेलं काळ्या खेळाडूंना घेत नसत. त्यांना गावातल्या काळ्या कुटुंबांकडे उतरावं लागे. तिथले एक डॉक्टर, राल्फ विम्बिश, वर्षानुवर्षं ही सोय लावून देत. १९६१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढे मी खोल्या शोधून देणार नाही, संघांनीच हॉटेलांची दारं उघडून घ्यावीत. मला तो माणूस आवडतो. घर देण्याइतकीच घर न देण्यातही ताकद असते, हे त्याला कळलं होतं. तुमच्या हातात आत्ता तीच ताकद आहे, फक्त समोर हॉटेल नाही, आजी आहेत.

आता तुमच्या पत्रातल्या एका शब्दाकडे येते. तुम्ही लिहिलंय, "अकरा वर्षं आम्ही त्यांच्यावर उपकारच केले." उपकार? अकरा वर्षांत तुमचं घर एक महिनाही रिकामं नव्हतं. भाडं एकदाही चुकलं नाही, हे तुम्हीच लिहिलंय. पावसाळ्यात छपराची कौलं उडाली तेव्हा त्यांनी तुमच्या आधी माणूस बोलावला. ते झाडसुद्धा त्यांनीच जगवलं. हे सगळं बाजारभावाने मोजलं तर महिन्याचे साडेचारशे डॉलर काही जास्त नाहीत. आणि ते मैदान म्हणाल, तर २०१० मध्ये कब्ज फ्लोरिडाला जाण्याच्या गोष्टी करत होते, तेव्हा मेसाच्या मतदारांनी शहराचा पैसा घालायला होकार दिला आणि २०१४ मध्ये स्लोन पार्क उभं राहिलं. आजी अकरा वर्षं मेसात, तुमच्याच घरात राहून तिथले कर भरतायत. तुम्ही चँडलरला. मार्चच्या बहरात कोणाचा वाटा किती, हे इतकं सरळ नाही.

पण तुमचीही एक चूक सांगते. तुम्ही आजींना बिचाऱ्या ठरवून टाकलंय. त्यांना विचारलंत का? त्यांना १,६०० परवडत असतील. कदाचित त्या स्वतःच विचार करत असतील, की एकटीला दोन खोल्या झेपत नाहीत, ट्यूसनला बहिणीजवळ जावं. आपण रात्रभर ज्यांच्यासाठी जागतो त्या माणसाशी आपण एकदाही बोललेलो नसतो, असं फार वेळा होतं. भाडं अकरा वर्षांत जेमतेम वाढवलंत, तेही प्रेमाने नाही, संकोचाने. दर वर्षी थोडं वाढवलं असतं तर आज हा पेच आला नसता. संकोच साठत जातो आणि मग एका दिवशी नोटीस होऊन बाहेर पडतो.

माझं माहेर पंढरपूरचं. आमच्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांत एका प्राथमिक शिक्षकांचं बिऱ्हाड होतं. आषाढीला परभणीकडची एक ठरलेली दिंडी उतरायची. ओसरी, माजघर, जिना सगळं वारकऱ्यांचं. आम्ही सातजण आपल्या वळकट्या घेऊन स्वयंपाकघरात. माझी पाठ पोत्याला आणि पाय चुलीकडे. जाताना ते कधी धान्य ठेवायचे, पुढे पुढे पैसे. एका वर्षी दिंडी मोठी आली, तेव्हा काका म्हणाले, गुरुजींना पंधरा दिवस गावी जायला सांगू, त्यांच्याही खोल्या देऊ. माझ्या आजीने पापड लाटता लाटता विचारलं, "मग त्यांचं पंधरा दिवसांचं भाडं तू परत देणार का?" काका गप्प. त्या वर्षी आम्ही सातजण आणि वर दोन म्हाताऱ्या वारकरणी, असे नऊजण स्वयंपाकघरात झोपलो.

तेव्हा मला विचाराल तर पाहुणे ठेवायचेच असतील तर स्वतःच्या घरात ठेवा, चँडलरच्या. टेंपीचं मैदान, जिथे एंजल्स खेळतात, तुम्हाला जवळच आहे, आणि १०१ हायवेने स्लोन पार्कही काही लांब नाही. आणि इथे एक गोष्ट आहे जी तुमच्या यजमानांच्या मित्राने त्यांना सांगितलेली दिसत नाही. अमेरिकेच्या आयकर कायद्यात अशी सोय आहे, की स्वतःचं राहतं घर वर्षात १५ पेक्षा कमी दिवस भाड्याने दिलं तर त्या भाड्यावर केंद्राचा आयकर लागत नाही. सीपीए, म्हणजे इथले सनदी हिशेबनीस, याला 'ऑगस्टा रूल' म्हणतात, मोठी गोल्फ स्पर्धा भरणाऱ्या जॉर्जियातल्या गावावरून. चौदा दिवस म्हणजे चौदाच. पंधरावा दिवस झाला की सगळंच भाडं हिशेबात येतं, म्हणून कॅलेंडरवर लाल पेनाने खूण करा. शहराचा परवाना आणि रात्रीच्या भाड्यावरचा कर मात्र यातून सुटत नाहीत. चँडलरचे नियम शहराच्या कार्यालयात विचारा आणि तुमच्या सीपीएला एकदा दाखवून घ्या.

मार्चमध्ये मुलांना स्प्रिंग ब्रेक असतो. एक आठवडा तुम्ही ग्रँड कॅनियनला जा, उरलेल्या रात्री दोन-तीन शनिवार-रविवारांत वाटून मैत्रिणीकडे मुक्काम टाका. २५० डॉलरने चौदा रात्री, ३,५०० झाले. आजींचं भाडं १,६०० केलंत तर वर्षाला १,८०० वाढले. मिळून ५,३००. सोफा नाही, नवा टीव्ही नाही, रिकामा जुलै नाही. यजमानांच्या ८,४०० पेक्षा कमी दिसतात, पण त्यांच्या ८,४०० मधून खर्च वजा करून, अकरा रकाने भरून झाल्यावर परत तुलना करा.

आणि मूळ प्रश्न बाजूला राहतोय तो कॉलेजचा. पहिल्या वर्षाला नेमके किती कमी पडतायत? पाच हजार असतील तर वरचं पुरेल. वीस हजार असतील तर मार्चही पुरणार नाही, दोन मार्चही पुरणार नाहीत. मग घर विकायचं का, यावर बसून बोला. २०१२ मध्ये घेतलेल्या घराचा भाव आज कुठे आहे हे तुम्हाला माहीत आहे. विकलं तर फायद्यावर कर लागेल, तोही सीपीएला विचारा. ते मोठं बोलणं टाळायला माणूस छोटा तक्ता रंगवत बसतो, असं मला वाटतं. यजमानांना रागवू नका. बाप घाबरलेला असला की तो एक्सेल उघडतो.

आजींना सांगायचं ते मेसेजवर नको. नोव्हेंबरातच जा, दोघंही जा. पहिल्या पाच मिनिटांत विषय काढा. चहा, फराळ, मुलांच्या गोष्टी असा तासभर काढून जाताना दारात सांगितलंत तर त्यांना तो पुढे वर्षभर आठवेल. असं बोलता येईल: "लीज जानेवारीत संपतंय. आम्हाला तुम्ही राहायला हव्या आहात, पण भाडं १,६०० करावं लागेल. तुम्हाला जमेल का, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांचा तुमचा विचार काय आहे?" मग गप्प बसा. अवघड वाटेल, तरी बसा. त्या १,५५० म्हणाल्या तर घ्या. ठरेल ते कागदावर लिहा, पुढच्या वर्षीची वाढही आत्ताच लिहून टाका, म्हणजे परत संकोच साठायला नको.

सगळे रकाने प्रामाणिकपणे भरूनही तुम्हाला घर मोकळं करायचंच ठरलं, तर ते पाप नाही, घर तुमचंच आहे. पण मग जानेवारी सोडा. लीज मे अखेरपर्यंत वाढवून द्या. तोवर स्नोबर्ड परतलेले असतात, बेसबॉल संपलेला असतो, घरं मोकळी होतात, आणि जुलैच्या उन्हात कपाटं उचलायची वेळ येत नाही. शेवटच्या महिन्याचं भाडं सोडून द्या. डिपॉझिट १४ कामाच्या दिवसांत परत करायचा नियम आहे, तुम्ही चार दिवसांत करा. पुढच्या घरमालकासाठी एक चांगलं पत्र लिहून द्या, अकरा वर्षांत भाडं चुकलं नाही हे त्यात ठळक लिहा. सत्तरीच्या एकट्या बाईला नवं घर मिळवताना ते पत्र पैशाहून जास्त कामाला येईल. यात पहिला मार्च हातचा जाईल, तो जाऊ द्या.

चँडलरचं घर चौदा रात्री द्यायचं ठरलं तर दोन गोष्टी सांगते, या मी अंगावर काढल्यात. देवघराला कुलूप लावा, नाहीतर पाहुण्यांची पोरं घंटा वाजवतात आणि समईत मेणबत्ती उभी करतात. आणि हिंगाची डबी घरात ठेवू नका, गाडीतून सोबत न्या. आमच्याकडे उतरलेल्या मिल्वॉकीच्या जोडप्याने पहिल्याच रात्री गॅस गळतोय म्हणून अग्निशमन दलाला फोन केला होता.